विहिरीच्या पाण्यावरचा एमएस्सीचा प्रोजेक्ट जर्नलला पाठवायचाय, सुरुवात कुठून करू?

निपाणी_केमिस्ट्री

नमस्कार सगळ्यांना. मी निपाणीजवळच्या गावातली, यंदा एमएस्सी केमिस्ट्री झालं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पाण्यावर केला होता, निपाणी ते चिक्कोडी ह्या ऊसपट्ट्यातल्या विहिरी आणि बोअर मिळून ३२ ठिकाणं, एकदा मे महिन्यात आणि परत पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरात. पीएच, टीडीएस, हार्डनेस, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, क्लोराईड, सल्फेट, फ्लोराईड, नायट्रेट सगळं काढलंय. गाईड सर म्हणाले नायट्रेटचा डेटा चांगला आलाय, पेपर करूया, तू ड्राफ्ट लिहून आण.

आता तीन आठवडे झाले लिहायलेय आणि पुढं सरकत नाही. रिपोर्ट ८४ पानांचा आहे, तो कापून कापून १९ पानांवर आणला तरी वाचताना रिपोर्टच वाटतोय. पहिली पाच पानं पाणी किती महत्त्वाचं, पृथ्वीवर पाणी किती, ह्यातच जातात. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर एकदम इंग्लिश, त्यामुळं एक वाक्य लिहिलं की ते बरोबर आहे का ह्यातच अर्धा तास जातो.

तीन गोष्टी विचारायच्यात. लिहायची सुरुवात कुठून करतात? जर्नल कसं निवडायचं, कारण मला एक मेल आलाय, ५ दिवसांत पब्लिश करतो, ३५०० रुपये भरा, आणि मैत्रीण म्हणतेय भरून टाक. आणि तिसरं, ज्यांनी प्रोजेक्टला हात लावला नाही अशा एका वरिष्ठांचं नाव घाला म्हणून डिपार्टमेंटमधून सांगायलेत, ते घालावं लागतं का?

घरी बाबा रोज विचारतात, एवढं वर्षभर बाटल्या घेऊन फिरलीस, आपल्या विहिरीचं पाणी प्यायचं की नाही तेवढं सांग की. त्यांनाही नीट उत्तर देता येत नाही, ह्याचं जास्त वाईट वाटतं.

खानापूर_वनस्पती

पहिली गोष्ट म्हणजे तो ८४ पानांचा रिपोर्ट बंद करून बाजूला ठेव. रिपोर्ट कापून पेपर होत नाही, मी पण तसंच केलं होतं आणि चार महिने गेले. रिपोर्टमध्ये आपण काय काय केलं ते परीक्षकाला दाखवायचं असतं, पेपरमध्ये एकच गोष्ट नवीन कळली ती सांगायची असते.

मी पीएचडी करायलोय, जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलातल्या वनस्पतींवर, विषय वेगळा आहे पण लिहायची रीत तीच. आमच्या गाईडनी मला जी सवय लावली ती अशी की आधी एक अक्षर लिहायचं नाही, फक्त आलेख आणि तक्ते करून टेबलावर मांडायचे. तुझ्याकडं बहुतेक चारच लागतील, विहिरी कुठं आहेत त्याचा नकाशा, सगळ्या आयनांचा एक तक्ता, मे आणि नोव्हेंबरचं नायट्रेट शेजारी शेजारी, आणि खोली विरुद्ध नायट्रेट. ती चार चित्रं कुणाला तरी नुसती दाखवायची आणि मराठीतच तोंडी सांगायचं की ह्यातून काय दिसतं. जे तोंडातून आलं तेच रिझल्ट्स. तेवढं लिहायचं. त्याच्या आधी मेथड्स लिहून टाकायच्या, कारण ते तू स्वतःच्या हातानं केलंयस, तिथं अडायला होत नाही, बाटली कसली, फिल्टर केलं का, किती तासांत टेस्ट केली, मशीन कुठलं, ब्लँक आणि डुप्लिकेट किती घेतले. मग डिस्कशन, मग इंट्रोडक्शन, अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि टायटल सगळ्यात शेवटी. तू इंट्रोडक्शनपासून सुरू केलंस म्हणून अडकलीस, कारण गोष्ट कुठं जाणार हे ठरायच्या आधी तिची सुरुवात लिहायलीस.

इंट्रोडक्शन तीन-चार परिच्छेद पुरतात. पृथ्वीवर किती पाणी आहे ते सगळं काढ. हार्ड रॉक भागातल्या उथळ विहिरीत नायट्रेट का वाढतं, आपल्या पट्ट्यात आधी कुणी काय बघितलंय, काय बघायचं राहिलंय, आणि म्हणून मी हे केलं, एवढंच.

इंग्लिशची काळजी आता करू नकोस. पहिला ड्राफ्ट मराठी-इंग्लिश मिसळून लिही, माझ्या वहीत अजून मेथड्स अर्ध्या मराठीत आहेत. वाक्यं छोटी ठेव. एआयकडून भाषा सुधारून घेतलीस तर जर्नलचा नियम बघ, बऱ्याच ठिकाणी तसं केलंय हे लिहून द्यावं लागतं, आणि रेफरन्स मात्र त्याच्याकडून कधीच घेऊ नकोस, अस्तित्वात नसलेले पेपर खऱ्यासारखे लिहून देतं. प्रत्येक रेफरन्सचा डीओआय, म्हणजे पेपरची कायमची ऑनलाइन लिंक, स्वतः उघडून बघायचा आणि पेपर वाचल्याशिवाय त्याचं नाव घालायचं नाही.

अथणीची_ताई

५ दिवसांचा मेल डिलीट कर बाळ, आत्ताच्या आत्ता. मी हे सोसलंय म्हणून सांगते.

माझी पीएचडी चालू होती तेव्हा घाई होती, अशाच एका जर्नलला पैसे भरले. चार दिवसांत अ‍ॅक्सेप्ट, एकही प्रश्न नाही, एकही दुरुस्ती नाही. तेव्हा आनंद झाला. नंतर कमिटीनं तो पेपर धरला नाही. मग मी म्हटलं ठीक आहे, काढून घेते आणि चांगल्या ठिकाणी देते, तर काढून घ्यायला त्यांनी परत पैसे मागितले आणि शेवटपर्यंत काढला नाहीच. आणि तो तिथं छापलेला असताना तोच डेटा दुसरीकडं देणं म्हणजे डुप्लिकेट पब्लिकेशन. म्हणजे दोन वर्षांचं फील्डवर्क मी तिथं कायमचं अडकवून ठेवलं. पैसे गेले त्याचं काही नाही, डेटा गेला त्याचं अजून दुखतं.

आणखी एक. असल्या मेलमध्ये यूजीसी केअर अप्रूव्ह्ड असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, केअर म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या जर्नल्सची यादी. यूजीसीनं ती केअर लिस्टच २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केल्याचं जाहीर केलंय, त्यामुळं आज कुणी त्या नावावर पैसे मागत असेल तर तिथंच समजून जायचं. आणि २०२२ च्या यूजीसी नियमांनंतर पीएचडी थिसिस देण्याआधी पेपर पाहिजेच असं यूजीसीकडून राहिलेलं नाही, युनिव्हर्सिटीनं स्वतःचा नियम ठेवला असेल तर तो वेगळा, म्हणून आपल्या युनिव्हर्सिटीचा कागद आधी वाचायचा. तू तर एमएस्सी करून बसलीयस, तुला कसली घाई आहे?

चांगलं जर्नल फुकट पण असतं हे आपल्या मुलांना कुणी सांगतच नाही. बेंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली, त्यांची जर्नल्स लेखकाकडून छापायचे पैसे घेत नाहीत. पाणी, माती, भूशास्त्र ह्यासाठी त्यांचं जर्नल ऑफ अर्थ सिस्टिम सायन्स आहे. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचं जर्नल आहे. करंट सायन्समध्ये छोटे पेपर पण येतात. मोठ्या परदेशी प्रकाशकांची बरीच जर्नल्स हायब्रिड असतात, तिथं ओपन अ‍ॅक्सेसवर, म्हणजे कुणालाही पेपर फुकट वाचता येईल त्यावर, टिक केलं तर लाखाच्या पुढं बिल, आणि सबस्क्रिप्शनचा, म्हणजे वाचणाऱ्यानं पैसे भरायचा, मार्ग निवडला तर शून्य. तो एक टिक नीट बघून करायचा, आमच्या एका मुलीला अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर बिल आलं तेव्हा कळलं.

निवडायचं कसं तर तुझ्या पेपरसारखे पाच पेपर काढ जे तू खरंच वाचलेस आणि रेफरन्समध्ये घातलेस, ते कुठं छापलेत बघ. तिथंच तुझा वाचक आहे. वेबसाइट गूगलच्या पहिल्या लिंकवरून उघडू नकोस, नावाची नक्कल केलेल्या साइट्स असतात, आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर, जुळवून बघ. आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा, दोन ठिकाणी एकदम नाही.

टिळकवाडी_निवृत्त

मी बेळगावात तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, आता निवृत्त आहे. वरच्या दोघांनी सांगितलं ते योग्यच आहे, पण जर्नल निवडायच्या आधी आकडे तपासा. भाषेमुळे परत आलेले पेपर मी कमी पाहिले, आकड्यांमुळे परत आलेले खूप.

नायट्रेट कशाच्या रूपात लिहिलंय ते पहिल्यांदा बघा. नायट्रेट म्हणून की नायट्रेटमधला नायट्रोजन म्हणून. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि ती नायट्रेट म्हणून आहे. अमेरिकेत १० लिहितात ती नायट्रोजन म्हणून. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ नं गुणलं की नायट्रेट येतं. तुमचं स्टँडर्ड सोल्युशन कशावर बनवलं होतं ते वहीत बघा. एका विद्यार्थ्याचा आकडा नायट्रोजनचा होता आणि तुलना ४५ शी केली होती, त्यामुळं सगळ्या विहिरी सुरक्षित दिसत होत्या. ही भाषेची चूक नाही, उद्या कुणीतरी ते पाणी पिणार आहे.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २२० नॅनोमीटरला वाचलं असेल तर २७५ चं पण रीडिंग घेतलंय का? सेंद्रिय पदार्थ २२० ला शोषण दाखवतात, ती दुरुस्ती २७५ वरून करतात. मेथड्समध्ये ते लिहिलं नाही तर रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलतर्फे पेपर तपासणारा, पहिला प्रश्न तोच विचारेल.

नंतर चार्ज बॅलन्स. धन आयन आणि ऋण आयन मिलीइक्विव्हॅलंटमध्ये मांडून दोन्हीकडची बेरीज किती जुळते ते प्रत्येक सॅम्पलला काढा, फरक साधारण ५ टक्क्यांच्या आत हवा. ऋण बाजूला नायट्रेट धरायला विसरू नका, जिथं नायट्रेट जास्त आहे तिथं ते सोडलं तर बॅलन्स बिघडतो आणि मग मुलं चांगले सॅम्पल टाकून देतात. म्हणून खानापूरवाल्यांचं ऐकून एकच गोष्ट सांगा, पण बाकीचे आयन काढून टाकू नका. ते तक्त्यात राहू देत. लिखाणात बोलायचं नायट्रेटबद्दल, आणि डेटावर विश्वास बसतो तो त्या तक्त्यामुळं.

तिसरं, ३२ विहिरी दोनदा मोजल्या म्हणून एन, म्हणजे सॅम्पलची संख्या, ६४ होत नाही. त्याच विहिरी आहेत, त्यामुळं जोडीनं तुलना करायची, पेअर्ड टी-टेस्ट किंवा आकडे एका बाजूला झुकलेले असतील तर विलकॉक्सन साइन्ड-रँक. आणि एकाच बाटलीतून तीन रीडिंग घेतलीत ते तीन सॅम्पल नव्हेत. तक्त्यात ५२.३८४७ असलं काही ठेवू नका, तुमचं उपकरण तेवढं अचूक नाही.

हुक्केरी_नकाशेवाला

सरांनी केमिस्ट्रीचं सांगितलं, मी जागेचं सांगतो कारण त्यावरनं पेपर परत आलेले बघितलेत.

जुने पेपर शोधताना बेळगाव, बेलगाम, बेलगावी सगळ्या स्पेलिंगनं शोध. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्याच्या आधीचं सगळं काम बेलगाम ह्या इंग्रजी नावाखाली आहे. चिक्कोडीला एक के का दोन, निपाणीला एक पी का दोन, दोन्हींनं बघ. मी एकदा अर्ध्या तासात सांगितलं होतं की ह्या भागावर काम झालेलंच नाही, आणि जुन्या स्पेलिंगनं शोधल्यावर निघालं. आधी कुणीच केलं नाही असं वाक्य लिहायच्या आधी हे करच. सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्डची जिल्ह्यावरची पुस्तिका पण वाच.

दुसरं, जिल्ह्याची जिऑलॉजी दुसऱ्या पेपरातनं उचलून चिकटवू नकोस. आपला जिल्हा एकसारखा नाही. तुझा निपाणी-चिक्कोडीचा भाग डेक्कन ट्रॅपचा काळा बेसॉल्ट, गोकाकला धबधबा पडतो तो कलादगीचा क्वार्टझाईट, खानापूरकडं परत वेगळं. बेसॉल्टमध्ये वरचा मुरूम-मांजऱ्या थर आणि खालच्या भेगा ह्यात पाणी असतं, म्हणून विहीर आणि बोअर ह्यांचं पाणी वेगळं लागतं, हेच तर तुझ्या पेपरचं कारण आहे ना. प्रत्येक ठिकाणाची खोली घेतलीस का? बोअरला केसिंग, म्हणजे वरच्या भागात घातलेला पाइप, किती फूट आहे ते पण मालकाला विचार, बोअर खोल असून केसिंग कमी असेल तर वरचंच पाणी आत उतरतं.

नकाशावर स्केल, उत्तर दिशा, अक्षांश-रेखांश पाहिजेत. लाल-हिरवा एकत्र वापरू नकोस, बऱ्याच लोकांना तो फरक दिसत नाही. फोटो ३०० डीपीआय, रेषांची चित्रं त्याहून जास्त. आणि शेतकऱ्याचं नाव किंवा गट नंबर कुठंही येऊ देऊ नकोस, विहिरीला वि-१, वि-२ असे नंबर दे. उद्या कुणाच्या विहिरीचं पाणी वाईट म्हणून पेपरात नाव आलं तर गावात त्याला त्रास.

अथणीची_ताई

तिसऱ्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून परत आले.

नाव घालायचं की नाही ह्याला नियम आहे. मेडिकल जर्नल संपादकांच्या समितीचे, आयसीएमजेईचे, चार निकष आहेत आणि इतर शास्त्रांतली बरीच जर्नल्स पण तेच धरतात. कामाच्या आखणीत किंवा डेटात खरा हातभार, लिखाणात किंवा तपासण्यात भाग, शेवटच्या ड्राफ्टला मान्यता, आणि पेपरातल्या सगळ्याची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही पाहिजेत. लॅब उघडून दिली, सही केली, एवढ्यावर लेखक होत नाही, त्यांचे आभार शेवटी मानायचे.

पण तू एकटीनं जाऊन नाही म्हणू नकोस. तू शिकाऊ, ते मोठे, ते तुझ्यावर येईल. गाईड सरांना ते चार निकष छापून दाखव आणि म्हण, सर, जर्नलमध्ये प्रत्येकानं काय केलं ते लिहून द्यावं लागतं, ह्यांच्या पुढं काय लिहू? बोलायचं काम त्यांचं. आणि लॅबमधल्या ज्या मामांनी तुला रात्री उशिरापर्यंत मशीन चालू ठेवून दिलं असेल ना, त्यांचं नाव आभारात नक्की घाल, ते लोक कायम राहून जातात.

निपाणी_केमिस्ट्री

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन दिवस हेच वाचायलेय. मेल डिलीट केला. वही काढून बघितली, स्टँडर्ड पोटॅशियम नायट्रेटचं होतं आणि मी ते नायट्रेट म्हणूनच काढलं होतं, त्यामुळं ४५ शी तुलना बरोबर आहे, पण रिपोर्टात कुठंच लिहिलं नव्हतं. २७५ चं रीडिंग मे मधलं आहे, नोव्हेंबरचं वहीच्या मागच्या पानावर सापडलं. चार्ज बॅलन्स काढला, तीन सॅम्पल ५ च्या बाहेर होते, नायट्रेट धरल्यावर त्यातले दोन आत आले, एक परत तपासायलेय.

एन ६४ धरलं होतं, ते बदललं. आणि खानापूरच्या दादांनी सांगितलं तसं चार चित्रं घेऊन बाबांच्या पुढं बसले आणि मराठीत सांगितलं. जे तोंडातून आलं ते असं: उसाच्या खतामुळं उथळ विहिरीत नायट्रेट वाढतं आणि पावसाळ्यानंतर ते आणखी वाढतं, खोल बोअरमध्ये कमी आहे. हेच माझं मुख्य वाक्य ठेवू का?

टिळकवाडी_निवृत्त

वाक्याचा शेवटचा भाग ठेवा, पहिला नको. उथळ विहिरीत जास्त, नोव्हेंबरात जास्त, बोअरमध्ये कमी, हे तुम्ही मोजलंय. उसाच्या खतामुळं हे तुम्ही मोजलेलं नाही. विहिरीशेजारी गोठा असेल, उकिरडा असेल, संडासाचा खड्डा असेल, त्यातूनही नायट्रेटच येतं. ते वेगळं करायला नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे आयसोटोप, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, मोजावे लागतात, ते तुमच्याकडं नाहीत. त्यामुळं डिस्कशनमध्ये लिहा की खत हे एक शक्य कारण आहे, आणि बाकीची कारणं का शक्य आहेत तेही लिहा. रिव्ह्यूअरनं सांगून बदलण्यापेक्षा आपणच आधी बदललेलं बरं. जमलं तर प्रत्येक विहिरीपासून गोठा आणि उकिरडा किती अंतरावर आहे ते जाऊन टेपनं मोजून आणा, एका रविवारचं काम आहे, पेपर त्यानं पक्का होईल.

खानापूर_वनस्पती

सरांचं ऐक. आणि शेवटी कव्हर लेटर अर्ध्या पानाचं, काय बघितलं, काय नवीन मिळालं, ह्या जर्नलच्या वाचकाला ते का पाहिजे. एडिटरचं आणि जर्नलचं नाव तीनदा तपास, मी दुसऱ्या जर्नलला पाठवताना जुनं नाव तसंच राहिलं होतं, पेपर रिव्ह्यूला न जाता तिसऱ्या दिवशी परत आला. ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, १६ अंकी नंबर काढून ठेव, फुकट असतो. सिमिलॅरिटी, म्हणजे मजकूर आधी छापलेल्याशी किती जुळतो, ते चेक करून घे, यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पण जर्नल स्वतःचं बघतं, मेथड्स सीनियरच्या रिपोर्टातनं घेतल्या असशील तर त्या परत स्वतःच्या शब्दांत लिही. रिव्ह्यू आले की रागानं लगेच उत्तर द्यायचं नाही, दोन दिवस थांबून प्रत्येक मुद्द्याखाली काय बदललं, कुठल्या ओळीत, ते लिहायचं.

अथणीची_ताई

पेपर छापायला सहा महिने, वर्ष लागेल. ज्यांच्या विहिरीत ४५ च्या वर आलंय त्यांना तोपर्यंत थांबवू नकोस बाळ. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट जास्त होतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या पाण्यातनं दूध कालवून दिलं तर रक्तावर परिणाम होतो, बाळ निळं पडतं. हे मालकांना सांगायला जर्नलची परवानगी लागत नाही.

निपाणी_केमिस्ट्री

होय ताई, कालच यादी केली. दोन घरांत तान्ही बाळं आहेत, तिथं बाबा आणि मी आज संध्याकाळीच जाऊन येतोय, पिण्यापुरतं शेजारच्या बोअरचं पाणी आणा म्हणून सांगतो, त्याचा आकडा माझ्याकडं आहे. आमच्या विहिरीचं पण बाबांना सांगितलं, ती वर आहे. ते काही बोलले नाहीत, पण आज सकाळी घागर बोअरवरनं भरून आणली.

रविवारी टेप घेऊन ३२ ठिकाणी परत जाणार आहे. सर, वाक्य बदललं, खत काढलं.